जास्वंदीच्या कळ्या उमलण्याआधीच गळतात: घरात मांजर आणि झाडावर घरटे असताना करावयाच्या तपासण्या

झाड हिरवेगार असते, शेंड्याशेंड्यांवर कळ्या धरलेल्या असतात, पण देवाला वाहायला एक फूल मिळत नाही आणि सकाळी कुंडीभोवती बंद कळ्यांचा सडा पडलेला असतो. जास्वंदीची ही तक्रार एकदा दूर केली की कायमची जाते, असे होत नाही. उन्हाळ्यात ती एका कारणाने येते, पावसाळ्यात दुसऱ्या आणि थंडी ओसरताना तिसऱ्याच कारणाने येते, आणि प्रत्येक वेळी वरवर दिसणारे चित्र जवळजवळ सारखेच असते. आमच्या गच्चीवरच्या आणि शेजारपाजारच्या बाल्कनींतल्या झाडांवर मी हे दुखणे वर्षानुवर्षे निस्तरत आले आहे, आणि त्यातून तपासण्यांचा जो क्रम पक्का झाला तो येथे देत आहे.

या क्रमात कीटकनाशकाची बाटली मुद्दाम सर्वांत शेवटी ठेवली आहे. घरात मांजर असेल तर पानावर पडलेले औषध आधी तिच्या अंगाला आणि मग अंग चाटताना तिच्या जिभेला लागते. झाडावर शिंपी किंवा शिंजीर या लहान पक्ष्यांचे घरटे असेल तर तेच औषध किड्यांमार्फत पिल्लांच्या चोचीत जाते. शिवाय कळ्या गळण्याची निम्म्याहून अधिक प्रकरणे माझ्या पाहण्यात औषधाशिवायच मिटली आहेत.

आधी लक्षणे नीट पाहावीत

गळलेली कळी ही सर्वांत उपयुक्त वस्तू आहे, म्हणून ती झाडून टाकू नये. चार-पाच कळ्या गोळा करून पांढऱ्या कागदावर ठेवाव्यात आणि पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे कळी कोठून सुटली आहे. जास्वंदीच्या कळीच्या देठावर, टोकापासून थोड्या अंतरावर, एक बारीक सांधा असतो. झाडाने कळी स्वतःहून टाकली असेल तर ती त्या सांध्यावर स्वच्छ सुटते आणि देठाचा उरलेला तुकडा झाडावर राहून काही दिवसांनी पिवळा पडतो. कळी कुरतडल्यासारखी तुटली असेल, पाकळ्यांचे लाल कपटे खाली पडले असतील किंवा झाडावर अर्धी खाल्लेली कळी लोंबत असेल, तर तो खारीचा किंवा बुलबुलाचा उद्योग आहे आणि त्यासाठी खते-औषधे यांचा विचारही करण्याचे कारण नाही. कळी खालीही सापडत नसेल आणि झाडावरही नसेल, तर पहाटे फिरायला बाहेर पडणाऱ्या मंडळींवर लक्ष ठेवावे. आदल्या संध्याकाळी खुडलेली पूर्ण वाढलेली कळी घरी नेऊन ठेवली तरी सकाळी उमलते, हे पूजा करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

दुसरी गोष्ट म्हणजे कळीचा आकार. ज्वारीच्या दाण्यापासून वाटाण्याएवढ्या हिरव्या कळ्या पिवळ्या पडून गळत असतील तर बहुधा पाणी, ऊन किंवा मुळे यांचा दोष असतो. बोटाच्या पेराएवढ्या, पाकळीचा रंग दिसू लागलेल्या कळ्या गळत असतील तर कीड असण्याची शक्यता वाढते.

तिसरी गोष्ट पाहण्यासाठी जुन्या ब्लेडने कळी उभी चिरावी. हे दोन मिनिटांचे काम लोक का टाळतात ते मला समजत नाही, कारण निम्मे निदान येथेच होते. चिरलेल्या कळीत पिवळसर पांढऱ्या, टोकदार, एक-दोन मिलिमीटरच्या बिनपायाच्या अळ्या वळवळताना दिसल्या तर ती कळीमाशी आहे; मोगऱ्याच्या कळ्यांनाही अशाच माशीचा उपद्रव होतो. कळी कागदावर आपटल्यावर स्वल्पविरामापेक्षाही बारीक, लांबट, चपळ किडे धावू लागले तर ते फुलकिडे, म्हणजे थ्रिप्स आहेत. कळीला गोल भोक असून आत ओलसर काळी विष्ठा असेल तर भेंडीच्या फळात शिरणाऱ्या अळीसारखी अळी समजावी, कारण जास्वंद, भेंडी आणि कापूस ही एकाच कुळातील झाडे आहेत आणि त्यांच्या बऱ्याच किडी सामाईक आहेत. कळीत काहीच नसेल आणि आतले केसर तपकिरी होऊन सुकलेले असेल, तर दोष कळीत नसून कुंडीत आहे.

उमललेल्या फुलाच्या बुडाशी लहान चीर किंवा छिद्र दिसले तर मात्र घाबरू नये. शिंजिराची चोच फुलात समोरून मधापर्यंत पोहोचत नाही तेव्हा तो बाजूने भोक पाडून मध पितो. जास्वंदीचे फूल तसेही बहुतेक जातींत एकच दिवस टिकते, तेव्हा त्यात आपले काही जात नाही.

पहिली तपासणी: गेल्या तीन आठवड्यांत काय बदलले

याला पैसे लागत नाहीत, फक्त प्रामाणिकपणे आठवावे लागते. झाड नर्सरीतून नुकतेच आणले आहे का, कुंडी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हलवली आहे का, गावाला गेल्यामुळे मध्ये चार दिवस पाणी चुकले का, पहिला जोरदार पाऊस होऊन गेला का? नर्सरीतील झाड हिरव्या जाळीखाली, नियमित पाण्यावर आणि भरपूर खतावर वाढलेले असते. ते आपल्या पश्चिमेच्या बाल्कनीत आले की आधी कळ्या टाकते, कारण कळी वाढवणे हा झाडाचा सर्वांत महागडा खर्च आहे आणि ताण आला की तोच पहिल्यांदा बंद होतो. अशा वेळी उपाय करावयाचा नसतो. झाड एका जागी स्थिर ठेवून तीन आठवडे वाट पाहावयाची असते. कुंडी रोज फिरवत राहणे हा या काळातला सर्वांत वाईट उद्योग आहे.

संकरित, मोठ्या फुलांच्या जाती एप्रिल-मे महिन्यांत कळ्या जास्त गाळतात. विदर्भात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तर त्यांच्याकडून फुलांची अपेक्षाच ठेवू नये. देशी, पाच पाकळ्यांची तांबडी जास्वंद तेवढी तग धरते.

दुसरी तपासणी: पाणी

कळ्या गळण्याचे सर्वांत सामान्य कारण पाणी हेच आहे, आणि अडचण अशी की कमी पाण्याचे व जास्त पाण्याचे लक्षण एकच असते. म्हणून पृष्ठभाग पाहून निष्कर्ष काढू नये. बोट पाच सेंटिमीटर मातीत खुपसावे. तेथे माती कोरडी लागली तर पाणी कमी आहे. बोटाला चिखल लागला आणि कुबट वास आला तर जास्त आहे. कुंडी हाताळण्याजोगी असेल तर ती उचलूनही अंदाज घ्यावा, कारण पाणी दिल्यावरचे आणि कोरडेपणीचे वजन हाताला एकदा कळले की पुढे बोटाचीही गरज उरत नाही.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, जास्त असलेल्या कुंड्या येथे हमखास फसवतात. कोकोपीट वरून सुकलेले दिसते आणि आत ओलेच असते, त्यामुळे पाणी जास्त होते. उलट ते एकदा पूर्ण सुकले की पाणी शोषण्याऐवजी बाजूला सारते. वरून घातलेले पाणी कुंडीच्या कडेने घसरून खालच्या छिद्रातून लगेच बाहेर येते आणि आपण समाधानाने झारी खाली ठेवतो, पण मुळांचा गड्डा कोरडाच राहतो. अशी शंका आली तर कुंडी पाण्याने भरलेल्या घमेल्यात अर्धा तास ठेवावी, वर बुडबुडे यायचे थांबले की काढावी आणि निथळू द्यावी.

गच्चीवरील दहा इंची कुंडीला मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ पाणी लागू शकते, तर जुलैमध्ये तीच कुंडी पंधरा दिवस हातही लावू देत नाही. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी पावसाळ्यात रोज ओतून टाकावे. त्याने मुळांना हवाही मिळते आणि डासही होत नाहीत. पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यालाही हाच नियम लागू आहे.

तिसरी तपासणी: ऊन

फुले येण्यासाठी जास्वंदीला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागते. याबाबत अडचण अशी होते की मार्चमध्ये भरपूर ऊन मिळणारी बाल्कनी दक्षिणायनात समोरच्या इमारतीच्या सावलीत जाते, किंवा उलटही होते. सुटीच्या दिवशी दर दोन तासांनी झाडावर नजर टाकून ऊन कोठून कोठवर आहे ते पाहावे. पत्र्याच्या शेडजवळ किंवा पांढऱ्या भिंतीला टेकून ठेवलेल्या कुंडीला ऊन पुरेसे असते, पण परावर्तित उष्णता जादा होते. अशी कुंडी हातभर पुढे ओढली तरी फरक पडतो.

चौथी तपासणी: मांजर, कुत्रा आणि कुंडीची माती

घरात पाळीव प्राणी नसतील तर हा भाग सोडून द्यावा, पण गच्चीवर शेजारचे मांजर येत असेल तर सोडू नये. माती उकरलेली दिसणे, एका बाजूला खड्डा, तीव्र वास, खालची पाने कडेने तपकिरी होऊन करपणे आणि ही करप कुंडीच्या एकाच बाजूला अधिक असणे, या खुणा एकत्र दिसल्या तर मांजराने कुंडीचा शौचालय म्हणून स्वीकार केला आहे. मूत्रातील युरिया आणि क्षार थोड्या मातीत साठत जातात, मुळे भाजतात आणि झाड कळ्या टाकते.

उपाय सोपा आहे. वरची चार बोटे माती काढून टाकावी, कुंडीच्या आकारमानाच्या दोन-तीन पट साधे पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढावेत आणि निथळल्यावर ताजे गांडूळखत मिसळलेली माती भरावी. नंतर मातीवर मुठीएवढे गोटे किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे दाटीने मांडावेत, म्हणजे पंजाने उकरता येत नाही. मांजराला पर्याय दिल्याशिवाय मात्र ते फक्त कुंडी बदलते. वाळूचा एक रुंद ट्रे शांत कोपऱ्यात ठेवावा आणि रोज साफ करावा.

मांजर पळवण्यासाठी फिनेल शिंपडणे किंवा डांबराच्या गोळ्या मातीत पुरणे हे दोन्ही उपाय सर्रास सांगितले जातात आणि दोन्ही मांजरासाठी विषारी आहेत. कुत्रा असेल तर आणखी एक काळजी घ्यावी: बोनमील (हाडांची भुकटी) आणि एरंडीची पेंड या खतांचा वास कुत्र्याला ओढून घेतो. बोनमीलने फार तर पोट बिघडते किंवा अडते, पण एरंडीच्या पेंडीत रायसिन हे विष असू शकते आणि तिने कुत्रा दगावू शकतो. कुत्रा असलेल्या घरात एरंडीची पेंड आणूच नये. तयार मिश्रखताच्या पिशवीवर घटक लिहिलेले नसतील तर तीही परत करावी.

पाचवी तपासणी: झाडाला हात लावण्यापूर्वी घरटे शोधावे

यापुढच्या सर्व तपासण्यांत फांद्या हलवणे, कापणे किंवा धुणे आले, म्हणून ही पाहणी येथेच करावी. शिंपी दोन-तीन पाने कडेने शिवून द्रोण करतो आणि त्यात कापूस व मऊ तंतू भरतो; बाहेरून तो केवळ वळलेल्या पानांचा पुंजका दिसतो आणि जास्वंदीच्या रुंद पानांत सहज चुकतो. शिंजिराचे घरटे बारीक फांदीला टांगलेल्या, कोळिष्टके आणि सालपटे चिकटवलेल्या पिशवीसारखे असते व कचरा अडकल्याचा भास होतो. लालबुड्या बुलबुल मात्र फांद्यांच्या बेचक्यात उघडी वाटी बांधतो आणि बाल्कनीतल्या कुंड्यांनाही तो लाजत नाही. घरटे दिसले नाही तरी एखादी जोडी चोचीत अळी धरून सारखी त्याच झाडाकडे येत असेल तर घरटे आहे, असे धरून चालावे.

घरटे असेल तर छाटणी, जोरदार पाण्याचा फवारा, कुंडी बदलणे आणि कोणतीही फवारणी हे सर्व थांबवावे. शिंप्याची अंडी साधारण बारा दिवसांत फुटतात आणि पिल्ले सुमारे दोन आठवड्यांनी बाहेर पडतात, म्हणजे थांबायचे ते महिनाभर. या काळात झारीने फक्त बुडाशी पाणी द्यावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार रानपक्ष्यांची अंडी व घरटी यांना धक्का लावणे हे शिकारीच्या व्याख्येतच येते. पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब आपल्याच फायद्याचा आहे, कारण शिंपी आणि शिंजीर पिल्लांना अळ्या, मावा (झाडाचा रस शोषणारे बारीक किडे), कोळी असे किडेच भरवतात, आणि घरटे असलेल्या झाडावरील कीड त्या महिन्यात आपोआप कमी झालेली मी वारंवार पाहिली आहे.

पिल्ले बाहेर पडण्याच्या दिवसांत मांजर घरात ठेवावे. घंटेचा पट्टा बांधून भागत नाही, कारण नुकतेच बाहेर पडलेले पिल्लू घंटा ऐकली तरी उडू शकत नाही.

सहावी तपासणी: कीड आणि पाण्याचा फवारा

आता पानांच्या खालच्या बाजू, शेंडे, कळ्यांचे देठ आणि फांद्यांचे सांधे पाहावेत. कापसासारखे पांढरे ठिपके म्हणजे पिठ्या ढेकूण, ज्याला सगळे मिलीबग म्हणतात. शेंड्याची पाने आखडून, मुरडून त्यांचा गुच्छ झाला असेल तर तोही मिलीबगच. त्याच्या लाळेमुळे कोवळी वाढ अशी वेडीवाकडी होते. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर ती चढते कोठे ते पाहावे. मिलीबग आणि मावा जो चिकट, गोड स्राव सोडतात त्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात आणि त्यांना खाणाऱ्या कीटकांना हाकलतात. त्याच स्रावावर पुढे काजळीसारखी काळी बुरशी चढते, आणि लोक बुरशीचे औषध शोधत बसतात.

गुच्छ झालेले शेंडे कात्रीने कापून थेट साबणाच्या पाण्यात टाकावेत, कंपोस्टमध्ये टाकू नयेत. उरलेल्या झाडावर नळीने किंवा दाबाच्या स्प्रे-बाटलीने साध्या पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून वर मारावा आणि दर तिसऱ्या दिवशी, दोन आठवडे, तो चुकवू नये. एकदाच धुऊन उपयोग होत नाही, कारण कापसी आवरणातली अंडी राहून जातात आणि पुढच्या आठवड्यात नवी पिढी चालू लागते. कुंडीची कड आणि खालचे छिद्र यांतही मिलीबग लपतो, तेथे जुना टूथब्रश वापरावा.

एक इशारा येथे महत्त्वाचा आहे. मिलीबगच्या घोळक्यात त्याच्यासारखाच पांढरा, पण आकाराने मोठा, मेणाचे लांब झुपके अंगावर असलेला आणि बऱ्यापैकी वेगाने चालणारा कीटक दिसला तर तो मारू नये. ती क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी आहे आणि तिचे अन्नच मिलीबग आहे. मिलीबग टोचले तरी जेमतेम सरकतो. ही अळी लगेच पळू लागते.

मुंग्या रोखण्यासाठी कुंडी विटेवर ठेवून वीट पाण्याच्या ताटात ठेवली तरी पुरते. ताटातले पाणी रोज बदलावे. मुंग्यांचा खडू कुंडीभोवती ओढू नये. त्यात पायरेथ्रॉइड गटाचे कीटकनाशक असते, मांजर त्यावरून चालते आणि मग पंजे चाटते. मांजराचे यकृत या गटातील परमेथ्रिनसारखी द्रव्ये नीट विघटित करू शकत नाही, म्हणूनच कुत्र्याच्या गोचिडांसाठी आणलेले औषध मांजराला किंवा मांजर बसते त्या झाडाला कधीही लावू नये.

कळीमाशी निघाली असेल तर उपाय जमिनीवर आहे. अळी कळीतून बाहेर पडून मातीत कोषात जाते आणि तेथून नवी माशी निघते. गळलेल्या तसेच पिवळ्या पडू लागलेल्या कळ्या रोज सकाळी वेचून, पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्याव्यात. हे काम तीन-चार आठवडे नेमाने केले तर चक्र तुटते. एकाच मजल्यावरच्या दोन-तीन घरांनी मिळून केले तर लवकर तुटते.

सातवी तपासणी: खत आणि मुळे

पाने गर्द हिरवी, मोठी आणि कळ्या मात्र मोजक्या असतील तर नत्र (नायट्रोजन) जादा झाले आहे. शेणखत, युरिया किंवा पातळ केलेली ताकभात-पाण्याची मिश्रणे दोन महिने बंद ठेवावीत. कोवळी पाने पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोह मुळांना मिळत नाही. बोअरच्या जड पाण्याने आणि बोनमील-डीएपी या स्फुरद (फॉस्फरस) देणाऱ्या खतांच्या अतिरेकाने असे होते, आणि जास्वंद स्फुरदाच्या बाबतीत नाजूकच आहे. कुंडीच्या कडेला पांढरी खपली दिसत असेल तर क्षार धुऊन काढण्याची वर सांगितलेली कृती करावी आणि जमेल तेव्हा साठवलेले पावसाचे पाणी द्यावे.

छिद्रातून मुळे बाहेर आली असतील आणि दिलेले पाणी दोन तासांत नाहीसे होत असेल, तर कुंडी अपुरी पडली आहे. एक आकार मोठी कुंडी घ्यावी, दोन आकार नव्हे, कारण मुळे न पोहोचलेली माती ओली राहून कुजते. हे काम पावसाळ्याच्या सुरुवातीला किंवा थंडी संपताना करावे. मे महिन्यात करू नये. कळ्या नव्या फुटीवर येतात, त्यामुळे त्याच वेळी फांद्या एक-तृतीयांश छाटाव्यात. सर्व फांद्या एकाच दिवशी छाटल्या तर गणपतीच्या दिवसांत फुले मिळणार की नाहीत याचा हिशेब आधी मांडावा, कारण नवी फूट येऊन कळी धरायला आणि उमलायला साधारण दोन महिने सहज जातात.

आठवी तपासणी: कडुनिंबाचे तेल

वरचे सर्व करूनही फुलकिडे किंवा मिलीबग हटत नसतील आणि झाडावर घरटे नसेल, तरच हा उपाय करावा. एक लिटर कोमट पाण्यात आधी एक-दोन मिलिलिटर सौम्य द्रव साबण मिसळावा, मग तीन ते पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल घालून बाटली चांगली हलवावी आणि द्रावण त्याच दिवशी संपवावे. कपड्यांच्या डिटर्जंटने पाने भाजतात. आधी दोन पानांवर फवारून एक दिवस थांबावे. फवारणी सूर्य मावळल्यावर करावी, म्हणजे पाने करपत नाहीत आणि मधमाश्या व शिंजीर घरी गेलेले असतात. सात दिवसांनी पुन्हा, असे तीन वेळा करावे.

त्याआधी मांजराला खोलीत बंद करावे आणि पाने पूर्ण सुकेपर्यंत बाहेर सोडू नये, पक्ष्यांची पाण्याची भांडी उचलावीत आणि बाल्कनीलगत मत्स्यालय असेल तर ते झाकून पंप काही वेळ बंद ठेवावा, कारण हे तेल माशांना बाधते. फवारलेल्या झाडाची फुले चहात किंवा केसांच्या तेलात वापरू नयेत.

इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधे दुकानदार हमखास पुढे करतो. ती झाडाच्या रसात शिरतात आणि मधातही उतरतात, त्यामुळे मध प्यायला येणाऱ्या प्रत्येकापर्यंत पोहोचतात. घरातल्या एका जास्वंदीसाठी ती वापरण्याइतके कोणतेही प्रकरण गंभीर नसते, असे माझे मत आहे.

एका वेळी एकच बदल करावा आणि तीन आठवडे थांबावे. आज पाणी, उद्या खत, परवा तेल असे केले तर कळ्या टिकल्या तरी कशाने टिकल्या ते कळत नाही, आणि पुढच्या हंगामात सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

कोठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

मांजर किंवा कुत्रा औषध, खडू किंवा पेंड चाटल्यानंतर लाळ गाळू लागला, थरथरू लागला, उलट्या करू लागला किंवा झोकांड्या खाऊ लागला, तर घरगुती उपाय पूर्णपणे थांबवावेत. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये, दूध किंवा तेल पाजू नये. औषधाचे वेष्टन सोबत घेऊन त्याच घटकेला पशुवैद्याकडे जावे, कारण उपचार घटकावरून ठरतो. एरंडीच्या पेंडीच्या बाबतीत लक्षणे उशिरा दिसू शकतात, म्हणून लक्षणांची वाटही पाहू नये.

मांजराने पक्षी तोंडात धरला असेल तर जखम दिसत नसली तरी तो पक्षी उडवून देऊ नये. मांजराच्या दातांतील जंतूंनी बारीक टोच असलेला पक्षीही एक-दोन दिवसांत मरू शकतो आणि त्याला प्रतिजैविक लागते. त्याला भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, अन्नपाणी न भरवता ठेवून पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्यावे किंवा महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे. बिनपिसांचे पिल्लू खाली पडले असेल तर मात्र ते अलगद उचलून घरट्यात परत ठेवता येते. माणसाच्या हाताचा वास लागला म्हणून आईबाप त्याला टाकत नाहीत. पिसे आलेले, टुणटुण उड्या मारणारे पिल्लू उचलूच नये, फक्त मांजर आत घ्यावे.

माती ओली असताना संपूर्ण झाड एकदम मान टाकत असेल, बुडाशी खोड मऊ पडले असेल किंवा साल सोलल्यावर आत तपकिरी रंग दिसत असेल, तर मूळकुज झालेली आहे. येथे कळ्यांचा विचार सोडून निरोगी फांदीच्या कलमा लावून घ्याव्यात आणि अनुभवी माळ्याला दाखवावे. जमिनीत लावलेली, दोन मजले चढलेली जास्वंद विजेच्या तारांजवळ गेली असेल तर स्वतः शिडी लावू नये. सोसायटीच्या संपूर्ण बागेत कीड पसरली असेल आणि कंत्राटी फवारणीचा प्रस्ताव आला असेल, तर औषधाचे नाव लेखी मागावे, घरटी असलेली झाडे वगळण्यास सांगावे आणि फवारणीची वेळ पाळीव प्राणी असलेल्या घरांना आदल्या दिवशी कळवावी.

निदानच होत नसेल तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागात नमुना न्यावा. नेताना कळ्या, पाने आणि वीतभर फांदी झिपच्या पिशवीत हवा न ठेवता बंद करावी, पिशवीत पाणी शिंपडू नये, आणि त्याच दिवशी सकाळी तोडलेला नमुना न्यावा, कारण दोन दिवसांनी त्यातल्या अळ्या बाहेर पडलेल्या असतात आणि तपासणाऱ्याच्या हाती फक्त कुजलेली कळी लागते.